तेविसाव्या प्रश्नाचं भोक

हुशार मुलं ओळखावीत कशी, या विषयात प्राध्यापकांनी चौतीस वर्षं काढली. त्यांच्या चाचणीत चाळीसपैकी तीस गुण पडले की मूल खास वर्गात. एकोणतीसवालं आल्या पावली घरी. निवृत्तीच्या सत्काराच्या आदल्या दिवशी ते ऑफिसातलं कपाट आवरत होते. मदतीला मुलगी आली होती.

तपासणीचा भोकं पाडलेला पुठ्ठा हाती लागला. तो उत्तरपत्रिकेवर ठेवायचा. भोकातून मुलाची खूण दिसली की एक गुण. प्राध्यापकांनी सहज प्रश्नपत्रिकेशी ताडून पाहिला. तेविसाव्या प्रश्नाचं उत्तर ‘ब’. भोक ‘क’वर.

प्रश्न त्यांनी काढले होते, भोकं शिपायाने पाडली होती. जुना पुठ्ठा फाटला की त्यावरूनच नवा कापायचे. पेपर सोडवून बघायची कोणाला गरज वाटली नव्हती. ते काम मुलांचं.

त्यांनी मुलीची उत्तरपत्रिका काढली. वय वर्षं आठ, गुण एकोणतीस. तेविसाव्याला ‘ब’.

‘स्वतःच्या पोरीलाही एका गुणासाठी परत पाठवणारा माणूस’ हा किस्सा प्रत्येक सत्कारात वक्ते रंगवून सांगत. घरात तो कोणी काढत नसे. मुलगी पुढे कुठल्याच परीक्षेच्या वाटेला गेली नाही. दाताच्या दवाखान्यात ती पेशंटचे नंबर लावते.

आता छातीत काहीतरी व्हायला हवं, असं प्राध्यापकांना वाटलं. ते थांबले. काही झालं नाही. पंखा फिरत होता.

“बाबा, पुतळा झाला की काय तुमचा? अनावरण उद्या आहे.”

“तेविसावा प्रश्न,” ते म्हणाले. “तुझं बरोबर होतं. भोक चुकलंय. तुला तीस होते.”

मुलीने कागद पाहिला. भोकात करंगळी घालून पाहिली.

“म्हणजे मी हुशार होते?”

“होतीस.”

“आई शेवटपर्यंत म्हणायची, पोरीने घाई केली असणार.”

“घाई नव्हती.”

“मग आता काय करू? दप्तर भरू?”

प्राध्यापकांनी कोरा कागद ओढला. “दुरुस्तीपत्र काढावं लागेल. एकोणतीसवाले सगळे तपासायचे. ज्यांचं ज्यांचं ‘ब’ असेल, त्यांना पाठवायचं.”

“उद्याच्या भाषणांचं काय? किस्सा पाठ करून येतील बिचारे.”

“त्यांनाही एकेक प्रत.”

“आणि मला?”

“सगळ्यांना सारखंच.”

मुलगी खुर्ची ओढून समोर बसली.

“घ्या, माझ्यापासून सुरुवात करा.”

“पत्ता?”

“तुमचाच, बाबा.”

त्यांनी तो पूर्ण लिहिला, मजल्यासकट.