रिकामा गोल

हातमोज्याच्या अंगठ्याजवळ निळ्या नायलॉन दोऱ्याचे टाके होते, घट्ट, एकावर एक, पोत्याचं तोंड शिवावं तसे... डॅशबोर्डवर ऊन खात पडलेल्या त्या जोडीला रबराचा आणि घामाचा मिळून असा वास येत होता की सिग्नलला थांबल्यावर तय्यबने काच खाली केली. रोल्लाच्या बाजारातला रविवार आत आला, हॉर्न, तळणीचा वास, कुणाचं तरी मोठ्याने फोनवर बोलणं. टीमच्या गोलकीपरचे, समाधानचे हातमोजे. सेमीफायनलनंतर तो ते गाडीतच विसरला होता. आज फायनल, आज ते त्याला परत द्यायचे, आणि देताना सांगायचं की... काय सांगायचं?

काल मरीनातल्या हॉटेलात खैरुद्दीनशेठने तसं काही मागितलंही नव्हतं. शेठ म्हणजे 'किनारा' फुटबॉल क्लबचे आश्रयदाते. मैदानाचं भाडं, जर्सी, सगळं त्यांचं. चहाचा कप बशीत फिरवत ते एवढंच म्हणाले होते, "आमचा रुहान आलाय लंडनहून. कॉलेजच्या टीममध्ये कीपर होता. उद्या आपले गेस्ट येणार, त्याची मम्मीपण येईल. बघा तुम्ही. मॅनेजर तुम्ही आहात." आणि शेठचं वाक्य पुरतं संपायच्या आत तय्यब हसून म्हणाला होता, "त्यात काय बघायचंय शेठ, खेळेल ना तो." त्या 'त्यात काय'पाशी तो रात्रभर अडकून राहिला. कुणी ढकललं नव्हतं. कुणी डोळेसुद्धा वटारले नव्हते. उलट शेठ क्षणभर चकितच झाले होते — इतक्या सहज होईल असं त्यांना वाटलं नसावं.

"झोपला नाहीत?" सकाळी चहा देताना बायकोने, शहनाझने विचारलं होतं.

"मॅचचं टेन्शन."

"बंदूक समोर असताना खेळलात तुम्ही," ती हसली होती, "आता कसलं टेन्शन?"

ती बंदूक. पस्तीस वर्षं ती त्याच्या मागे मागे फिरत होती, एखाद्या पाळलेल्या जनावरासारखी. लग्नांत, क्लबच्या जेवणांत, नवी पोरं टीममध्ये आली की — सर, ते कुवेतचं सांगा ना. मग तो सांगायचा. नव्वद साली तो बावीस वर्षांचा, कुवेतमधल्या एका कंपनीच्या टीमचा लेफ्ट विंगर. ऑगस्टात इराकी फौज शिरली, दुकानं फुटली, पाणी महाग झालं, आणि एक दिवस एक अधिकारी येऊन म्हणाला, आमच्या सैनिकांबरोबर मॅच खेळा. फोटो काढायचे होते त्यांना, सगळं सुरळीत चाललंय असे. खेळले. दोन्हीकडे एकेक गोल झालेला, आणि शेवटी तय्यब कीपरला चकवून आत शिरला. समोर रिकामा गोल. जाळीमागे एक सैनिक बंदूक घेऊन उभा होता, मिसरूडही न फुटलेला, ओठ चावत बघत होता. तय्यबने बॉल बाहेर मारला. इथे ऐकणारे हसायचे, टाळी द्यायचे. तोही हसायचा. पण तेव्हा... तेव्हा त्याला मुळीच लाज वाटली नव्हती. पोटात नुसती भीती होती, स्वच्छ, कशाचीही भेसळ नसलेली. कुणीही तेच केलं असतं. आणि काल? काल जाळीमागे कोण उभं होतं? एक म्हातारा होत आलेला, डायबेटिस असलेला माणूस, बिनसाखरेचा चहा पीत.

कुसैसच्या मैदानाबाहेर समाधान आधीच येऊन बसला होता, कंपाउंडच्या सावलीत. कोल्हापूरकडचा, तिशीचा, जबल अलीला एका साइटवर परांची बांधायचं काम करणारा. गावाकडे पेठेच्या टीममधून खेळलेला. आजची सुट्टी मिळवायला त्याने मागचे दोन रविवार ड्युटी केली होती. ते त्याने स्वतः कधी सांगितलं नव्हतं, त्याच्या रूममधल्या एकाने सांगितलं होतं. तय्यबची गाडी बघून तो उठला, पँट झटकली.

"घावले व्हय सर? मी सगळी रूम धुंडाळली."

तय्यबने हातमोजे पुढे केले. समाधानने ते लगेच चढवायला सुरुवात केली, एकेक बोट नीट बसवत. आणि ती बोटं बघता बघता तय्यब बोलून गेला —

"समाधान, आज रुहानला उभा करतोय. तुझा खांदा मागच्या वेळेपासून... मला रिस्क नकोय."

समाधानच्या खांद्याला काही झालं नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं. समाधानने नकळत उजवा खांदा एकदा फिरवून पाहिला, जणू सरांना दिसलंय तर असेलही काही, आणि मग त्याने हातमोजे काढले.

"बरं सर."

"रागावू नकोस."

"नाही ओ सर. त्यात काय रागवायचं."

त्यात काय. तेच शब्द. तय्यबला वाटलं याने शिव्या द्याव्यात, हातमोजे अंगावर फेकावेत, निदान तोंड फिरवून निघून जावं. पण समाधान वळला आणि पाण्याचे क्रेट गाडीतून उतरवू लागला, दुखरा म्हणून ठरवलेल्या त्याच खांद्यावर घेऊन.

मॅच सुरू झाली. बाकावर समाधान त्याच्या शेजारीच बसला. पलीकडे खुर्च्यांवर शेठ, त्यांची बायको, सूटबूटातले पाहुणे. आणि तय्यबला स्वतःबद्दल एक विलक्षण गोष्ट कळून आली: आपण वाट बघतोय, रुहानच्या हातून बॉल सुटायची. प्रत्येक कॉर्नरला त्याचा जीव आशेने वर यायचा. एक गोल खाल्ला की सगळं सरळ होईल. मग चूक दिसेल, तिला आकार येईल, मग शेठना सांगता येईल, समाधानला उठवता येईल... स्वतःची टीम हरावी म्हणून मनातल्या मनात हात पसरून बसलेला मॅनेजर! मी कोण झालोय?

रुहान मात्र सुरेख खेळला. उंच, शांत, पायांत चपळ. शेवटच्या मिनिटांत त्याने डावीकडे झेपावून एक बॉल असा बाहेर काढला की शेजारी समाधान ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "वा रे पठ्ठ्या!" त्या ओरडण्यात काहीही लपवलेलं नव्हतं. तय्यब त्याच्या चेहऱ्यात कडवटपणा शोधत राहिला, नाही सापडला. 'किनारा' एका गोलने जिंकली.

खैरुद्दीनशेठ मैदानात आले, त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन पाहुण्यांना म्हणाले, "ह्यांची नजर बघा. माझा मुलगा म्हणून नाही घेतला, बरं का. हा माणूस लढाईत खेळलाय, तो कुणाला भीत नाही." शेठ खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. काल आपण काय सुचवलं ते त्यांच्या लेखी कधीच पुसून गेलं होतं. तय्यब हसला. टाळ्या झाल्या. आता ती चूक जगात कुठेच उरली नव्हती, एका त्याच्याजवळ सोडली तर.

परतीच्या गर्दीत समाधान जवळ आला. कामगारांच्या कॅम्पची बस गाठायची म्हणून घाईत होता.

"सर, चांगलं झालं जिंकलो ते." मग नजर खाली ठेवून, "पुढच्या सीझनला बोलवाल न्हवं मला?"

तय्यबला हो म्हणायचं होतं. हो म्हणायला त्याने तोंडही उघडलं.

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

समाधानने मान डोलवली. आठ वर्षं या मुलखात काढलेला माणूस. बॉसच्या, सुपरवायझरच्या, व्हिसा देणाऱ्या कफीलच्या तोंडून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ, बहुतेक नाहीच, त्याला बरोबर कळत होता. तो गेला. तय्यब मात्र गाडीला टेकून उभाच राहिला. नव्वद साली कुवेत सोडून पळताना, अम्मानच्या वाटेवर, तापलेल्या बसमध्ये, शेजारची बाई पोराला पोटाशी धरून विचारत होती, पोचू ना हो आपण? आणि त्याने हाच शब्द म्हटला होता — तेव्हा त्या शब्दामागे लपवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. आत्ता त्याने तो मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिला, हळू, प्रत्येक अक्षर सुटं करून, आपण तो खरा म्हणतोय का हे तपासत... आणि कळेना. मग आणखी एकदा.