पिवळ्या हाऊसच्या वाट्याला आलेला रोलर

उचलून दाखवा मला, मग पुढचं बोलू. नाही ना जमत? हरकत नाही, आजवर कोणालाच जमलेलं नाही. मी रोलर. मुलींच्या एका निवासी शाळेच्या मैदानावर, खेळपट्टीच्या पलीकडे झाडाखाली उभा असतो. बाहेरून लोखंड, आतून काँक्रीट आणि पुढे ओढायला एक लांब दांडा. मुली मला ‘ढोल्या’ म्हणतात. म्हणोत बापड्या. ज्याचं कामच वजनाचं, त्याने वजनाची लाज कशाला बाळगायची?

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या कारखान्यात झाला. तिथून मला एका ठेकेदाराने नेलं. त्याच्याकडे मी खडी दाबली, मुरूम दाबला, उन्हातान्हात राबलो. मग त्याने डिझेलवर चालणारं यंत्र आणलं आणि मी त्याच्या आवारात नुसता पडून राहिलो. कोंबड्या माझ्या सावलीत येऊन बसायच्या. तसे दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. पुढे या शाळेचं मैदान करायचं काम त्याला मिळालं, तेव्हा त्याने मला इथे आणलं, आणि काम झाल्यावर परत न्यायचा व्याप नको म्हणून इथेच ठेवून गेला. लोक म्हणतात, त्याने मला टाकून दिलं. मी त्याला माझी नेमणूक समजतो.

शाळेत चार हाऊस आहेत: तांबडं, निळं, हिरवं आणि पिवळं. मला ओढायचं काम कोणाचं, याचा नियम खेळाच्या बाईंनी घालून दिला आहे. मागच्या सत्रात जे हाऊस सगळ्यांत शेवटी आलं असेल, त्याच्या वाट्याला मी. हरलेल्यांना निदान भूक तरी सडकून लागेल, असं बाईंचं म्हणणं. त्या हिशेबाने मी गेली कित्येक सत्रं पिवळ्या हाऊसच्याच वाट्याला येतोय. आता आमच्यात परकेपणा असा राहिलेला नाही.

त्यांचा व्हरांडा मैदानाच्या कडेलाच आहे, त्यामुळे त्यांचं सगळं घर मला दिसतं. कठड्यावर वाळत घातलेले मोजे, त्यांतला एक कायम जोडीविना. सकाळी गादीच्या चादरीला सुरकुती दिसली की मावशींचा चढणारा आवाज. मावशी म्हणजे हाऊसचं कपडालत्ता, दुखणीखुपणी आणि रडारड सांभाळणाऱ्या. अभ्यासाची घंटा झाली की सगळ्या मुलींना एकदम तहान लागते, हेही मी रोज पाहतो. आणि संध्याकाळी त्या माझ्यावर येऊन बसतात आणि मनातलं सगळं बोलतात. जड माणसाजवळ गुपित सुरक्षित राहतं असं त्यांना वाटत असावं.

या सत्राच्या सुरुवातीला त्यांच्यात एक नवी मुलगी आली. तिचे वडील पुलांच्या कामावर. एक पूल झाला की दुसऱ्या नदीवर. आजवर ती आईवडिलांबरोबर कामाच्या जागी राहिली, तिथल्याच कुठल्या कुठल्या शाळांत शिकली. आता अभ्यास वाढला म्हणून तिला इथे आणून सोडलं होतं. पहिल्या सकाळी माझा दांडा धरायला आली तेव्हा तिने डावं टोक पकडलं, सगळ्यांपासून लांबचं. ओढायला मात्र पक्की होती. बाकीच्या मुली मला हातांनी ओढतात आणि धापा टाकतात. तिने आधी पाय रोवले, मग अंग पुढे टाकलं. ही मातीतली आहे हे मी तेव्हाच ओळखलं.

पण बोलायची नाही. विचारलं तर ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’. जेवताना ताटाकडे बघायची, रांगेत शेवटी उभी राहायची. मुलींनी आधी कौतुकाने विचारपूस केली, मग वैतागून सोडून दिली. नाकाचा शेंडा वर आहे, असं काहींचं मत पडलं. ते चूक होतं. रविवारी आईशी फोनवर बोलून आली की ती माझ्या आडोशाला बसून डोळे पुसायची. नाकाचा शेंडा वर असलेली मुलगी असं लपून रडत नाही.

एके दिवशी नेटमध्ये कोणीतरी तिच्या हातात चेंडू दिला. तिने तो सोडला आणि चेंडू टप्पा पडून असा काही वळला की फलंदाज मुलगी एकीकडे आणि दांडी दुसरीकडे. हाऊसची कॅप्टन कमरेवर हात ठेवून बघत राहिली. ही कॅप्टन म्हणजे उंच, मोठ्या आवाजाची, सगळ्या जणी तिला ताई म्हणतात. तिने पुन्हा टाकायला सांगितलं. पुन्हा तेच. त्या दिवसापासून नव्या मुलीचं नाव पडलं भिंगरी.

मग काय विचारता. पिवळं हाऊस जिंकायला लागलं. आधी हिरव्यांना हरवलं, मग तांबड्यांना. व्हरांड्यात गाणी सुरू झाली, मावशी ओरडायच्या विसरल्या. मला ओढतानासुद्धा मुली ताठ मानेने ओढू लागल्या. निळ्या हाऊसशी अंतिम सामना ठरला. भिंगरी तेवढी तशीच राहिली. गडी बाद केला की मुली मिठी मारायला धावायच्या, आणि ती काठीसारखी उभी राहून मिठ्या संपायची वाट बघायची.

मग भेटीचा दिवस आला. तिचे वडील आले, बुटांना सिमेंटचे डाग तसेच. दोघं माझ्यावर येऊन बसले. 

“बाबा, मला इथे नाही राहायचं. सगळ्यांना माझी बोलिंग हवीय. मी नकोय कोणाला.”

वडिलांनी चष्मा काढून पुसला. “एवढं सत्र पुरं कर, बाळा. शेवटच्या दिवशी मी येतोच. तेव्हाही असंच वाटत असलं तर चल माझ्याबरोबर. मी एका शब्दाने अडवणार नाही.”

त्याच वेळी माझ्या मागे दोन लहानग्या लपाछपीत दडून बसल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि जेवणाच्या घंटेपर्यंत भिंगरी सोडून अख्ख्या पिवळ्या हाऊसला कळलं. मुलींचे चेहरे पार उतरले. भिंगरी गेली तर पुढच्या सत्रात हरणार, हे तर होतंच. पण तेवढंच नव्हतं. ‘मी नकोय कोणाला’ हे शब्द ताईच्या फार जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवशी भिंगरी नेटमध्ये असताना तिने व्हरांड्याच्या पायरीवर सगळ्यांना जमवलं. म्हणाली, तोंडाने सांगून हिला खरं वाटणार नाही, अंतिम सामन्यात हिच्यासाठी आपण जीव तोडून खेळायचं, म्हणजे हिला कळेल. माना डोलल्या. आणि तिथेच प्रत्येकीच्या डोक्यात आपापला किडा वळवळला.

सामना रविवारी होता. खेळाच्या बाईंनी नीट बजावलं होतं की शुक्रवारी पाणी मारायचं, शनिवारी सकाळी रोलर थोडा वेळ फिरवायचा आणि मग सामन्यापर्यंत कोणी खेळपट्टीला हात लावायचा नाही. एवढं सांगून त्या नवे चेंडू आणायला गावात गेल्या. शनिवारी सकाळी सांगितल्याप्रमाणे काम झालं. भिंगरीने खेळपट्टीवर अंगठा दाबून पाहिला. तिचा चेहरा समाधानी दिसला, आणि ती निघून गेली.

दुपारी सगळ्या आडव्या झाल्या असताना ताई आली, बरोबर संघातल्या मोठ्या मुली. भांडं जितकं घासाल तितकं लख्ख निघतं, तसंच खेळपट्टीचंही, अशी तिची समजूत. त्यांनी मला घामाघूम होईपर्यंत फिरवलं आणि भिंगरीला सांगायचं नाही अशा शपथा घालून गेल्या.

संध्याकाळी, मोठ्या मुली सरावाला गेल्यावर, लहानग्यांचा अख्खा तांडा आला. त्यांच्यानं मी एरवी हलत नाही. पण काही दांड्याला लोंबकळल्या, काही मागून डोकं लावून ढकलू लागल्या, आणि खरं सांगतो, त्यांचं ते तांबडंलाल तोंड बघून मीच जरा मनावर घेतलं. रडतखडत का होईना, मी फिरलो.

रविवारी सकाळी मुली अंघोळीच्या रांगेत असताना मावशी आल्या, पदर खोचून. बरोबर स्वयंपाकघरातल्या दोघी, आणि विश्वास ठेवा, हाऊसच्या बाईसुद्धा. बाई गणित शिकवतात आणि एरवी खडूखेरीज काही उचलत नाहीत. मावशी म्हणाल्या, पोरीसाठी एवढं तर करू. मला त्यांनीही दामटून फिरवलं.

मी सगळं पाहत होतो. माझ्याखाली माती दबून दबून दगड होत होती. पण मला दोष देऊ नका. मी रोलर आहे. फिरवलं की दाबतो, आणि दाबलं की पक्कं दाबतो.

सामना सुरू झाला. पिवळ्या हाऊसने आधी फलंदाजी घेतली आणि धावांचा पाऊस पाडला. चेंडू सरळ यायचा, मुली सरळ मारायच्या. ताई बाद होऊन परतली ती मावशींकडे बघून हसत, आणि मावशी तिच्याकडे बघून हसत, आणि हसण्याचं कारण दोघींनीही एकमेकींना सांगितलं नाही.

मग निळ्यांचा डाव. भिंगरीच्या हातात चेंडू आला आणि मैदान शांत झालं. तिने पहिला चेंडू टाकला. सरळ गेला. दुसराही सरळ. तिसरा निळ्यांच्या मुलीने माझ्या अंगावर आणून आदळला. भिंगरी बोटं झाडायची, चेंडू पुसायची, पुन्हा टाकायची. काही केल्या चेंडू वळेना. मला फार वाईट वाटलं, हे कबूल करतो.

पाणी प्यायला खेळ थांबला तेव्हा ती गुडघ्यावर बसली आणि खेळपट्टीवर अंगठा दाबला. अंगठा पांढरा पडला, खेळपट्टीवर ओरखडासुद्धा उमटला नाही. तिने मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं.

“ताई, काल सकाळनंतर रोलर कोणी फिरवला?”

ताईने कबूल केलं की दुपारी आपण फिरवला, थोडासाच. पाण्याची भांडी घेऊन आलेल्या लहानग्या एकमेकींना कोपरं मारू लागल्या आणि मग एकीने सांगून टाकलं की संध्याकाळी त्यांनीही फिरवला. हे ऐकून सीमारेषेवर खुर्ची टाकून बसलेल्या हाऊसच्या बाई उठून चालत आल्या आणि म्हणाल्या की सकाळी आम्हीही. मावशींनी कपाळाला हात लावला.

“अगं, पण मला मऊ माती लागते. कडक पिचवर माझा चेंडू वळतच नाही,” भिंगरी म्हणाली. “मला विचारलं का नाही कोणी?”

“तू बोलतेस कुठे?” ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “तू जाणार म्हणालीस ना. आम्हाला वाटलं, तुझा सामना छान झाला की तू थांबशील. तू हवी आहेस आम्हाला. नाही टाकलीस बोलिंग तरी हवी आहेस.”

भिंगरीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मोठ्यांच्या तळहातांवर फोड आले होते. एका लहानगीच्या कपाळावर माझा गंज तसाच लागलेला होता, बाईंच्या पदरालाही. मग ती खेळपट्टीवर फतकल मारून बसली आणि हसायला लागली. आधी हळू, मग खो खो, मग पोट धरून. पंच म्हणून उभे असलेले भूगोलाचे सर घाबरले, हिला ऊन लागलं की काय. पण तोवर ताईही हसत होती, मावशीही, आणि काय झालंय हे कळत नसतानाही निळ्या हाऊसच्या फलंदाज मुली हसत होत्या.

पिवळं हाऊस हरलं. हो, हरलं. आमच्यापैकी कोणी ते लपवत नाही. भिंगरीला अख्ख्या डावात एकच बळी मिळाला, तोही उंच फटका मारायच्या नादात निळ्यांच्या मुलीने स्वतःहून दिलेला. पण त्या झेलानंतर मुली धावत आल्या तेव्हा ती काठीसारखी उभी राहिली नाही. पहिली मिठी तिनेच मारली.

त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना खेळपट्टीवर नेलं. माती कधी ओली, कधी वाफशावर म्हणजे नुसती दमट, कधी दगड, ते अंगठ्याने कसं ओळखायचं हे दाखवत बसली. माझ्यावर चढून बसून तिने पुलांच्या गोष्टी सांगितल्या, नदीकाठच्या रेतीत मजुरांच्या पोरांबरोबर चेंडू फिरवायला कशी शिकली ते सांगितलं. बोलायला लागली ती थांबेचना. अभ्यासाची घंटा झाली, आणि त्या दिवशी कोणालाही तहान लागली नाही.

सत्राचा शेवटचा दिवस आला. इथली पद्धत अशी की सुट्टीला जाणारी मुलगी लहान पिशवी घेऊन जाते, ट्रंक शाळेतच राहते. कायमची जाणारीचीच ट्रंक बाहेर येते. मावशींनी सकाळी भिंगरीची ट्रंक व्हरांड्यात आणून ठेवली होती, कारण न्यायची झालीच तर तयार असावी, असं वडिलांनी भेटीच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. लहानग्या पायरीवर रांगेने बसून ट्रंकेकडे बघत होत्या. हसली म्हणून राहीलच असं थोडंच आहे, हे त्यांनाही कळत होतं.

वडील आले. भिंगरी खेळपट्टीजवळ उकिडवी बसून काहीतरी निरखत होती. ते तिच्यापाशी आले आणि त्यांनी हळूच विचारलं, “मग? ट्रंक टाकू गाडीत?”

तिने हाताची माती झटकली. “बाबा, पुढच्या सत्राला पिच मी करणार आहे. खेळाच्या बाईंना विचारून आलेय. या पोरींच्या हाती दिलं ना, तर पुन्हा दगड करून ठेवतील.”

वडील व्हरांड्यापर्यंत चालत गेले, ट्रंक परत आत न्यायला त्यांनी तिची एक कडी धरली, आणि दुसरी धरायला अख्खा लहानग्यांचा तांडा धावला.

आता सुट्टी आहे. मोज्यांचा कठडा रिकामा आहे, मैदानावर गवत वाढतंय आणि मी झाडाखाली आरामात उभा आहे. तुम्ही कधी इकडून गेलात तर या, बसा माझ्यावर, मनातलं काय असेल ते बोला. फक्त एक विनंती आहे. कितीही प्रेम उफाळून आलं तरी मला ढकलू नका. भिंगरी येईपर्यंत खेळपट्टीला कोणी हात लावायचा नाही, असं ती बजावून गेली आहे.