आग्रहाचं इंग्रजी

निवृत्त शिक्षिका जयमालाबाई नेरुळहून घणसोली गावात जायच्या त्या फुकट इंग्रजी शिकवायला, खायला नव्हे. पण हे झरमीनाला कोण सांगणार? दोन मुलींना घेऊन काबूलहून जीव वाचवून आलेली ही विधवा. बाई तिच्या भाड्याच्या खोलीत टेकल्या रे टेकल्या की ती जमिनीवर चादर अंथरायची. चहा, बदाम, नान, पुन्हा चहा! शिकवणीचा तास खाण्यातच संपायचा. आणि शनिवारी तर निर्वासितांना आधार देणारी कॅनडातली माणसं व्हिडिओवर तिच्याशी बोलणार होती. या कुटुंबाला तिकडे बोलवायचं की नाही, ते त्यावरच ठरणार होतं. झरमीनाच्या तोंडून मात्र ‘येस’च्या पुढे शब्द फुटत नव्हता.

जयमालाबाई तशा तापट. शिवाय या गरिबिणीच्या घरचं आपण किती खायचं, असंही त्यांना वाटे. सोमवारी त्यांनी स्वतःचा डबा नेला आणि सरळ उघडून खाल्ला. झरमीनाचा चेहरा पडला. त्या दिवशी ती ‘येस’सुद्धा म्हणाली नाही.

निघताना घरमालकीण गोजराबाईंनी दारातच गाठलं. "मॅडम, तिचे घरान जाऊन तुमी आपला डबा खाल्ला? तिचेकरं द्यायला दुसरा काय हाय?"

जयमालाबाई ओशाळल्या. बुधवारी त्यांनी पुस्तक पिशवीतच ठेवलं. "आज सब खाऊँगी," त्या आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "लेकिन आग्रह इंग्लिश में करने का."

झरमीना गोंधळली, मग हसली. "ईट."

"नो."

"व्हाय नो? यू अँग्री? माय फूड बॅड?"

बाई मुद्दाम हटून बसल्या आणि झरमीना पेटलीच. व्याकरणाची पार वाट लागली, पण ती काही थांबेना. हसून हसून मुलींची पोटं दुखली.

शनिवारी पडद्यावर तिकडची बाई दिसली. जयमालाबाईंनी मध्ये बोलायचं नाही, असं ठरलेलं. मुलींविषयी, स्वयंपाकाविषयी झरमीना अडखळत का होईना, भरभरून बोलली. मग तिकडून हळूच नवऱ्याविषयी प्रश्न आला. आजवर जयमालाबाईंनीही हे विचारायचं धाडस केलं नव्हतं.

"माय हजबंड, दे किल," झरमीना म्हणाली. ओढणी सावरून ती पडद्याजवळ सरकली. "आय नॉट फिनिश. माय गर्ल्स नॉट फिनिश. वी कम, वी वर्क."

पलीकडची बाई डोळे पुसत म्हणाली, "कम. वी आर वेटिंग."

आता ही खरंच जाणार, म्हणून जयमालाबाईंना हसू आलं, आणि जाणार म्हणूनच रडूही आलं.