कुंकवाची खूण

माझी नणंद ब्राह्मी सोमवारी सकाळी दहाला बेळगावात हजर पाहिजे होती. मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी मुली निवडणार होते. आमच्या ह्यांनी महिनाभर विचार करून बहिणीला परवानगी दिली, पण अट घालून. "घरच्या गाडीतनं जायचं. सर्व्हिस मोटारीत बाप्यांच्या मांडीला मांडी लावून न्हाय."

आणि त्याच आठवड्यात घरच्या गाडीचा दांडा वाजायला लागला.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा हा दांडा गाडीच्या पोटाखालनं जातो. दोन्ही टोकांना लोखंडी बेचक्या, बेचक्यांना जोडणारा फुलीच्या आकाराचा क्रॉस. त्यातला मागचा क्रॉस झिजला होता. ड्रायव्हर मष्णू लढाईवर गेलेला, निपाणीचा मिस्त्री कुणाच्या तरी लग्नाला. ह्यांनी कोल्हापुराहून नवा क्रॉस मागवला, रविवारी सकाळी तंबाखूच्या वखारीपुढं गाडी ओंडक्यांवर चढवली आणि धोतर खोचून खाली शिरले.

"नुसतं मष्णूला बघून येतंय व्हय हे?" मी विचारलं.

"तू भाकरी कुणाला बघून शिकलीस?" गाडीखालनं उत्तर आलं.

दांड्याचे दोन तुकडे एकात एक सरकतात, आत दाते असतात. वेगळे करण्याआधी खूण करायची, म्हणजे परत त्याच दात्यावर बसतात. "खूण कर गं," हे म्हणाले. खंडेनवमीला गाडीला लावते तेच मी लावलं. दोन्ही तुकड्यांवर कुंकवाचं एकेक बोट. शोभूनही दिसलं.

मग ब्राह्मीनं सगळं रॉकेलनं लख्ख धुतलं. माझं कुंकू बादलीत गेलं.

ह्यांनी क्रॉस घातला, दांडा अंदाजानं जोडला, चारी बोल्ट आवळले आणि चिकोडी रस्त्यावर चक्कर मारून आले. गाडी हिवताप आल्यागत थरथरत होती. अशी बेळगाव काही गाठणार नव्हती. हे पालथ्या बादलीवर बसले.

"पुढल्या वर्षी बघू, ब्राह्मे."

ब्राह्मी पदर खोचून गाडीखाली गेली. बराच वेळ तिचे नुसते पाय दिसत होते.

"अण्णा, पुढची बेचकी उभी हाय, मागची कलती. जोडीतला एक बैल सरळ आणि एक तिरपा जुंपलाय तुम्ही."

हेही आत शिरले. काही वेळानं आवाज आला, "खरं हाय." वीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून दोनदा ऐकले असतील. दोन्ही वेळा माझ्यासाठी नव्हते.

ऊन भिंतीवर चढलं. मी अंथऊ, म्हणजे दिवसाउजेडीचं रातचं जेवण, वाढली. आम्हा जैनांत दिवस मावळला की घास नाही, म्हणून तीनदा हाक मारली.

"वहिनी, तुम्ही जेवा," ब्राह्मी म्हणाली. भाऊही उठला नाही.

परत बोल्ट सुटले. तिनं माझ्या वाकळेचा दोरा बेचक्यांवर ताणून धरला, ह्यांनी दांडा दोन दाते फिरवला, आणि दोन्ही बेचक्या एका रेषेत आल्या. मग तिनं कानशीनं दोन्ही तुकड्यांवर खुणेचा चरा पाडला. शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत दिवस मावळला. ताटं तशीच राहिली. मीही जेवले नाही. त्या दोघांना बघत बसले आणि वेळ गेली.

सोमवारी गाडी मांजरीसारखी दारातनं गेली.

संध्याकाळी हे एकटेच परतले. ब्राह्मीची निवड झाली होती, ती तिथंच ट्रेनिंगला राहिली. तिथल्या बाईंनी काळी नखं बघून कारण विचारलं, तर हिनं दांड्याची सगळी हकीकत सांगितली म्हणे. हे मला तीच दुसऱ्यांदा सांगत होते, आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होते.

मग वखारीकडं बघत म्हणाले, "ती तर गेली. आता परत दांडा वाजला तर?"

"मी हाय की."

"तू कुंकू लावशील."

"कानस करंड्याशेजारीच ठेवलीय," मी म्हणाले.