मोरीवर बोर्डो

आमच्या लोणी गावात पाण्याचीच एवढी बोंब, की बुरशी धरायला ओल लागते हे मला जुन्नरला आल्यावर कळलं. भाकरीवर आलेली पाहिली होती. भिंतीवर आलेली पहिल्यांदा पाहिली ती अठ्ठ्याण्णव साली, जहाँआराचाचींच्या भाड्याच्या खोलीत. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही तिघी तिथे राहायचो. ओझरची शीला, घाटघरची भागू आणि मी, अक्षदा. तिघींत मोरी एकच, आणि त्या मोरीची भिंत काळीठिक्कर पडली होती.

भागूला त्याचं काहीच नव्हतं. "याला बुरशी म्हणत्यात व्हय? आमच्याकडं पावसाळ्यात चपलांवर यापेक्षा दाट येती," म्हणून ती खुशाल गाणं म्हणत अंघोळ करायची. मला मात्र चीड यायची. घासून घासून माझी नखं झिजली आणि ती बया आठ दिवसांत पुन्हा हजर.

एके दिवशी चाची कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. मोरीच्या भिंतीपलीकडेच त्यांचं स्वयंपाकघर, आणि ओल झिरपून त्यांचा पापडाचा डबा वास मारायला लागला होता.

"पुढच्या जुम्म्याला बघायला येते. भिंत अशीच दिसली तर तिघींनी सामान उचलायचं."

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला जुन्नरला ठेवलं होतं ते चाचींच्या भरवशावर. "हे घर सुटलं की शिक्षण सुटलं," असं त्यांनी बजावलं होतं, आणि परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

"बुरशीच हाय ना? मग रडती कशाला?" शीला म्हणाली. तिच्या घरी तीन एकर द्राक्षं. रविवारी ती पाठीवरचा फवारणीचा पंप, मोरचूद आणि चुना घेऊन एसटीतून उतरली. द्राक्षावर बुरशी पडली की तिचे वडील या दोहोंचं निळं औषध करत, त्याला बोर्डो म्हणतात. वेल काय नि भिंत काय, शीलाला सारखंच. चुना पुरेसा पडला का हे बघायला लोखंडी विळा बुडवतात. विळा नव्हता म्हणून तिनं भाजीची विळी बुडवली. पातं तांबूस झालं नाही, तशी तिनं तोंडाला ओढणी बांधली आणि भिंत, छत, कोपरे, सगळं न्हाऊ घातलं.

सोमवारी मोरी निळी. बादली निळी, साबण निळा, आणि भागूच्या टाचा अख्ख्या कॉलेजाला दिसतील इतक्या निळ्या. बुधवारी छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके पुन्हा डोकावले.

"दुसरी फवारणी पंधरा दिसांनी असती," शीला शांतपणे म्हणाली. मी तिला तो पंपच फेकून मारणार होते.

शुक्रवारी सकाळीच चाची आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला, ही मोरी हाय का द्राक्षाचा मांडव?" मग त्यांची नजर वर गेली. खिडकीला आम्ही खताची गोणी ठोकली होती. "वारा कुठनं येणार? खिडकी का बंद केली?"

शीला पंपाकडे बघत होती, भागू टाचांकडे. आमच्यातली कुणीही अंघोळीला गेली, की समोरच्या गच्चीवर कुंडलिक टीव्हीचा अँटिना फिरवायला चढायचा. चाळिशीचा बाप्या, रोज सकाळी तासभर अँटिना फिरवायचा. हे घरी कळलं असतं तर कुंडलिकला कुणी काही बोललं नसतं, आमच्या पेट्या मात्र त्याच दिवशी भरल्या गेल्या असत्या. म्हणून गोणी आणि गोणीमुळे बुरशी.

पण खोली जाणारच असेल तर गप्प बसून काय मिळणार होतं? मी सगळं घडाघडा सांगून टाकलं. शेवटी रडू आलं, याचा मला जास्तच राग आला.

चाचींनी बादली उपडी घातली, वर चढल्या आणि एका हिसक्यात गोणी ओढून काढली. कुंडलिक अँटिना धरून उभाच होता.

"साळुबाईऽऽ!" चाचींनी थेट त्याच्या आईलाच हाक मारली, सगळी पेठ ऐकेल अशी. "तुझ्या लेकाला सांग, आमच्या मोरीत टीव्ही न्हाई! उद्यापासनं तो अँटिना मी फिरवीन, त्याच्या पाठीत!"

कुंडलिक दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला. त्यानंतर साळुबाईच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्याच दिसायच्या म्हणे.

चाचींचे मालक गफूरचाचा पत्र्याच्या पेट्या बनवायचे. संध्याकाळपर्यंत त्यांनी खिडकीला पत्र्याच्या तिरक्या पट्ट्या बसवल्या. वारा आत येईल, नजर येणार नाही अशा. आठवड्यात भिंत खडखडीत वाळली. शीला अजूनही त्याचं श्रेय बोर्डोला देते.

पण पेठेतली ही बोंब घरी पोचेल ही धास्ती मला होतीच. रविवारी दादा आले. पेठेतून येताना त्यांच्या कानावर काहीतरी पडलं असावं. चहाला हात न लावता ते म्हणाले, "भाभी, खिडकीचा काय घोळ झालता म्हणं? पोरींचं काय चुकलं का?"

मी दाराआडून ऐकत होते.

"पोरींचं न्हाई, माझं चुकलं," चाची म्हणाल्या. "घर माझं, खिडकी माझी. माझं ध्यान न्हवतं. ज्यानं घाण केली त्याला भर पेठेत सुनावलंय. आता तुमी पोरीला न्यायची गोष्ट काढाल, तर त्याच्या गुन्ह्याची सजा हिला दिल्यासारखं व्हईल."

दादांनी चहाचा कप उचलला. मग त्यांनी मला हाक मारली. मी मान खाली घालून पुढे गेले.

"परीक्षा कधी संपती तुझी?"

मी तारीख सांगितली.

"त्याच्या दुसऱ्या दिवशी येतो न्यायला," ते म्हणाले. "त्याच्या आदी न्हाई."