आखाड्यापासून साठ पावलं

मी पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याकडून यायचं सोडून मी पायांकडून आले. असं लेकरू जन्मलं की आमच्याकडं दोन गोष्टी लगेच पक्क्या होतात. कुणाच्या पाठीत उसण भरली तर या लेकराची लाथ लागू पडते, ही एक. आणि या लेकराला वीज शोधत असते, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीमुळं मी अर्ध्या गावाला लाथा घातल्या आहेत. मोठमोठी माणसं, एरवी मान वर करून बोलणारी, आमच्या ओसरीत उंबऱ्याकडं पाठ करून वाकून उभी राहायची आणि मी डाव्या पायानं तीनदा मारायची. दुसऱ्या गोष्टीमुळं मात्र आभाळ भरून आलं की तीच माणसं माझ्याजवळून उठून जायची.

साठ पावलांचा नियम आत्याचा. अनुसयाबाई ही बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच असते. मी चार वर्षांची असताना शेतात बैलाच्या दावणीशी खेळत होते. वीज पडली आणि बैल जागेवर मेला. मला खरचटलंसुद्धा नाही. दुसरा बैल लांब चरत होता, तो वाचला. आत्यानं माझ्यापासून त्या वाचलेल्या बैलापर्यंत पावलं मोजली, ती साठ भरली. तेव्हापासून ढग गडगडले की मी माणसांपासून साठ पावलं लांब बसायचं, असं ठरलं. शेतात आमचा विटांचा, स्लॅब टाकलेला आखाडा, म्हणजे शेतातलं घर आहे, दोन खोल्यांचं, बैलांचं आणि माणसांचं. त्याच्यापासून बरोबर साठ पावलांवर बांधालगत एक काळा दगड आहे. तो माझा दगड. पाऊस आला की सगळे आखाड्यात शिरायचे आणि मी पोतं डोक्यावर घेऊन दगडाशी.

बाबा काहीच बोलायचे नाहीत. त्यांचं नावच उकंडराव. आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून, टाकलेलं पोर म्हणून परत उचलून आणलेलं. दैवाच्या डोळ्यांत धूळ फेकून ज्याला जगवलं तो माणूस दैवाशी वाद काय घालणार? ते फक्त जाड पोतं शोधून माझ्या हातात द्यायचे.

मला याचा राग यायचा का? यायचा. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती मोठी होती. मी बारावी सायन्स झाले, बाळापूरच्या कॉलेजात बीएस्सीला गेले, विजेचे सगळे नियम पाठ केले, तरी लांब कुठं गडगडलं की माझे पाय आपोआप माणसांपासून दूर चालायला लागायचे.

कुलदीप आमच्या दारात आला तो बापाला मोटारसायकलवर मागं बसवून. त्याचे वडील शंकरसिंग जवळच्या तांड्यावरचे. दर वर्षी आमची सोयाबीन काढणी त्यांचीच टोळी करायची. त्यांची पाठ धरली होती. मी पाय धुऊन आले, त्यांनी पाठ केली आणि मी तीन लाथा मारल्या. कोपऱ्यात उभा राहून हा हसत होता. आमच्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा.

"एका लाथंचे किती न्यूटन झाले असतील गं?" जाताना हळूच म्हणाला.

"मोजायचे असतील तर वाक," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यानं मला ऐकवलं, "बापाची उसण चार दिवसांत आपोआप जाती, दर वर्षी. तू तिसऱ्या दिवशी मारली. तुला एकाच दिवसाचा मान."

तिथून सुरू झालं. तो विजेच्या नादी लागलेला पोरगा होता. त्यानं मला मोजायला शिकवलं. चमकली की मोजायला लागायचं, गडगडेपर्यंत जितके सेकंद होतील त्याला तीनानं भागायचं, तितके किलोमीटर वीज लांब. फोनमध्ये विजेचा इशारा देणारं ॲप त्यानंच टाकून दिलं. आणि उघड्यावर सापडलोच तर काय करायचं, ते वर्गाबाहेरच्या पटांगणात सगळ्यांदेखत बसून दाखवलं. पाय जुळवून उकिडवं बसायचं, डोकं गुडघ्यात, हात कानांवर. दोघं असतील तर दोघांनी लांब लांब बसायचं. काही झालं तरी उभं राहायचं नाही. "मोकळ्या रानात उभा माणूस सगळ्यांत उंच असतो," तो म्हणायचा. "विजेला नाव कळत न्हाई, जात कळत न्हाई. तू कुठून जन्मली ते तिला कोण सांगणार? तिला उंची कळती फक्त."

तेवढ्यावर तो थांबला नाही. एक वही केली. जवळा बाजारापासून वारंगा फाट्यापर्यंत, गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या घरात वीज पडून माणूस गेला त्या घरी मोटारसायकल घेऊन गेला, आणि म्हाताऱ्या बायांना विचारत बसला की तुमचं माणूस कसं जन्मलं होतं. एका घरातून त्याला हाकलून दिलं. बाकीच्यांनी चहा पाजला आणि सांगितलं. वही माझ्यापुढं उघडून त्यानं बोट ठेवलं.

"अकरा माणसं. पायाळू एकबी न्हाई. आणि उभे किंवा झाडाखाली किती? अकराच्या अकरा."

माझ्यासाठी असं कुणी कधी उन्हातान्हात फिरलं नव्हतं. मी त्या वहीकडं बघत राहिले आणि मला रडू आलं. तेव्हाच मला कळलं की मी याच्यात पुरती बुडाले आहे.

जातीचा प्रश्न होता, आत्या होती, बाबा होते. पण कुलदीपनं त्याच्या आधीची एक अट घातली.

"ज्या दिवशी ढग गडगडत असताना तू आखाड्यात येऊन माणसांत बसशील, त्या दिवशी मी तुह्या बाबांशी बोलतो. ते न्हाई म्हणतील तर पुढचं पुढं. पण तूच जर सोताला शाप समजून राहिली, तर मी कुणासाठी भांडू?"

मी म्हणाले, "या काढणीला बसते."

अजून एक गोष्ट सांगायला हवी. काढणीच्या आधी, भादव्यात त्याला ताप होता आणि तसाच तो परीक्षेला गाडीवर निघाला होता. वारंगा फाट्यावर चहाच्या टपरीशी मी त्याला अडवलं आणि पटकन म्हणून गेले, "तुला माझी शपथ हाय, गाडी चालवू नको." त्यानं मला पाच मिनिटं शपथेवर भाषण दिलं. शब्दाला वजन नसतं, शपथ मोडून कुणी मरत नाही, वगैरे. मग गाडी टपरीवाल्याकडं लावली आणि गुपचूप एसटीत चढला.

"आता काहून ऐकलं मग?" मी विचारलं.

"शपथ मी मानत न्हाई," तो म्हणाला. "तुला मानतो."

मला केवढा आनंद झाला होता! 

काढणीचा दिवस ऑक्टोबरातला. सकाळपासून वारा पडलेला. सोयाबीन हातात कडकड मोडत होतं आणि मानेवरचा घाम वाळता वाळत नव्हता. शंकरसिंगांची टोळी, त्यांची बायको नीलाबाई, दोन बायांची लहान लेकरं, आणि कॉलेजला सुट्टी म्हणून कुलदीप. आत्या भाकरी घेऊन आलेली. दुपारी दोनच्या सुमाराला बगळे एकाएकी बांधावरून उठून गेले. पश्चिमेकडं आभाळ आधी पिवळट झालं आणि मग काळं. मी विळा हातात धरूनच मोजायला लागले. सत्तावीस.

कुलदीपनं दोन ओळींपलीकडून माझ्याकडं बघितलं. आजच, असं त्याचे डोळे म्हणत होते. मी मान हलवली.

दुसऱ्यांदा मोजले तेव्हा पंधरा आले. फोनमधलं विजेचं ॲप वाजलं. टोळी विळे टाकून आखाड्याकडं निघाली. मीही निघाले, हे मी शपथेवर सांगते. चाळीस-पन्नास पावलं मी त्यांच्या मागं गेले. दारात आत्या उभी होती. ती रागावली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त आत वळून त्या दोन लेकरांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"शिवकन्ये," ती म्हणाली, "लेकरं हाईत आत."

बाबांनी पोतं पुढं केलं. माझे पाय वळले. मी परत साठ पावलं चालले आणि दगडाशी, पाय जुळवून उकिडवी बसले. निदान बसणं तरी त्यानं शिकवल्यासारखं होतं.

थेंब पडायला लागले होते. पोत्याच्या फटीतून मी बघितलं तर कुलदीप आखाड्यातून बाहेर पडून पळत येत होता. मागून नीलाबाई त्याला हाका मारत होती. तो आला.

"ऊठ. आत चल. ठरलं होतं आपलं."

"आत लेकरं हाईत."

"लेकरांना काही व्हत न्हाई. वही बघितली ना तू? अकरा घरांत विचारून आलो मी."

"बैल मेला व्हता, कुलदीप. माझ्याशेजारी मेला."

चमकलं. आम्ही दोघंही मोजायला लागलो, त्याही वेळेला, सवयीनं. सहा. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"आता चालत जाणं बराबर न्हाई," तो म्हणाला. "मी हितंच बसतो." आणि माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, कापलेल्या रानात, तो खाली बसला. पाय जुळवून, डोकं गुडघ्यात. जसं शिकवायचा अगदी तसंच.

तो सुरक्षित होता. त्या रानात एका माणसाला जितकं सुरक्षित राहता येतं तितका होता. हे मला कळत होतं. पुस्तकातलं सगळं मला आठवत होतं. आणि तरी माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की तो साठ पावलांच्या आत आहे. पंधरावर आहे. माझी वीज येईल आणि याला घेईल.

"जा!" मी ओरडले. "माझ्यापासून लांब जा!"

त्यानं डोकं न उचलता हात हलवला. नाही.

मी ढेकूळ उचलून त्याच्याकडं फेकलं, कुत्र्याला हाकलावं तसं. ते त्याच्या पाठीवर फुटलं. तो तरी हलला नाही. पुन्हा चमकलं. चार.

"कुलदीप, तुला माझी शपथ हाय. जा आखाड्यात!"

त्यानं डोकं वर केलं. पावसातून माझ्याकडं बघितलं. चिडला होता का, दमला होता, का त्याला माझी कीव आली, मला आजही सांगता येत नाही. मग तो उठला. उभा राहिला. आणि माझ्याकडं पाठ करून, सपाट कापलेल्या रानातून, आखाड्याकडं चालायला लागला.

तो उभा राहिला तेव्हाच मला चूक कळली. "बस!" असं मी ओरडणार होते. तोंड उघडलं होतं मी.

सगळं पांढरं झालं. आवाज त्याच्याबरोबरच आला, मोजायला काही राहिलं नाही.

तो आखाड्यापासून तीस पावलांवर पडला होता. माझ्यापासूनही तितकाच.

गावात संध्याकाळपर्यंत गोष्ट तयार झाली होती. वीज पोरीसाठी आली होती, त्या पोरानं अंगावर घेतली. आत्या प्रत्येकाला सांगत होती आणि सांगताना खरंच रडत होती. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. दैवात लिहिलेलं होतं, पोरीचं काय चुकलं, असंच सगळे म्हणत होते. बाबा दोन दिवस माझ्या उशाशी बसून होते. मी त्या गोष्टीत डोकं खुपसून पडून राहिले असते तर जन्मभर राहता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले. घरात दहा-बारा माणसं बसलेली. शंकरसिंग भिंतीला टेकून होते. मला बघून ते सरकले आणि शेजारी जागा केली. नीलाबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं मला जास्तच रडू यायला लागलं.

"रडू नको, बाई," शंकरसिंग म्हणाले. "तुही वीज त्यानं झेलली. त्याच्या नशिबात तेच व्हतं. तुहा काही दोष न्हाई."

एवढं म्हणायला त्या माणसाला किती तकलीफ झाली असेल! आणि मला फक्त मान हलवायची होती. पण कोपऱ्यात खिळ्याला त्याची कॉलेजची पिशवी अडकवलेली होती आणि तिच्यातून वहीचा कोपरा दिसत होता. मी मान हलवली असती तर त्या वहीत बारावं नाव चुकीचं गेलं असतं.

"न्हाई काका," मी म्हणाले. "ती माझी वीज नव्हती. तशी कुणाची वीज नसती, त्यो सांगायचा ना? त्यो बराबर बसला व्हता. बसून राहिला असता तर आज घरी असता. मी त्याला उठवलं. शपथ घालून उठवलं. त्यो माझं ऐकून उभा राहिला."

शंकरसिंगांनी डोळे मिटले. नीलाबाईचा हात माझ्या पाठीवरून गेला. तो जाणारच होता, मला ते आधीच माहीत होतं, तरी पाठ एकदम थंड पडली.

मी किती वेळ तशी बसून होते कुणास ठाऊक. बाहेर उजेड कमी झाला. पत्रे वाजायला लागले आणि दारात चमकलं. मी मोजले. बारा. लेकरांना त्यांच्या आयांनी जवळ ओढलं. माझ्या शेजारची बाई थोडी सरकली. माझे पाय ओळखीचं काम करायला लागले. मी उठले आणि दाराकडं निघाले.

"कुठं चालली?"

नीलाबाई होती. तिच्या आवाजात माया नव्हती. क्षमा तर नव्हतीच.

"बाहेर," मी म्हणाले. "लेकरं हाईत."

"बस खाली," ती म्हणाली. "माहं लेकरू तुला आत आणायलाच गेलं व्हतं."

मी बसले. माणसांत, भिंतीशी, तिच्यापासून हातभर अंतरावर. सगळे पत्र्याकडं बघत होते. पुन्हा चमकलं आणि मी मोजायला लागले. नऊ आले. त्याच्या पुढच्या वेळी सात.