भिंतीपलीकडची घरपट्टी

वडिलांनी घर बांधतानाच मधोमध भिंत घातली आणि दोन्ही मुलींना अर्धं अर्धं देऊन टाकलं. खोल्या सारख्या, खिडक्या सारख्या, फरशीसुद्धा एकाच गाडीतून आलेली. थोरली शिवणकाम करायची. नवरा गेल्यावर मशीनवरच तिने संसार ओढला होता. धाकटी दवाखान्यात नर्स होती आणि तिचा नवरा घड्याळजी.

एक दिवस पोस्टमनने चुकून धाकटीचं घरपट्टीचं बिल थोरलीच्या दारात टाकलं. तिने ते उघडलं, मग आपलं बिल काढून शेजारी ठेवलं. धाकटीला निम्म्याहूनही कमी कर होता.

थोरलीच्या पोटात दुखू लागलं. ते दुखणं काही नवं नव्हतं. धाकटीची नोकरी कायमची, धाकटीचे केस अजून काळे, धाकटीचा नवरा जिवंत. गेल्या वर्षी त्याने चांगलं चाललेलं दुकान बंद केलं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं हातात हात घालून फिरायला निघायची. खिडकीतून ते बघताना थोरलीचा टाका वाकडा जायचा.

'वशिला लावला असणार,' ती मनाशी म्हणाली. 'दवाखान्यात काय, कोणाच्याही ओळखी होतात.'

दुसऱ्या दिवशी ती तक्रार लिहून पालिकेच्या कर विभागात गेली. 'शेजारच्या घराला कर कमी लावला आहे, चौकशी व्हावी.' खिडकीतल्या वयस्कर कारकुनाने कागद वाचला आणि कपाटातून दोन फाइली काढल्या.

"यात चूक काही नाही," तो म्हणाला. "घर दोघांच्या नावावर आहे. त्यातल्या एकाला दिसत नाही, त्याची सवलत आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलंय."

"कोणाला दिसत नाही?"

"ते मी सांगायला नको, बाई."

सांगायची गरजही नव्हती. धाकटी रोज इंजेक्शनं देत होती. म्हणजे तिचा नवराच. हातात हात कशासाठी होता, ते आत्ता थोरलीच्या ध्यानात आलं.

"तुमचं बिल जास्त का, ते नाही विचारलंत," कारकून दुसरी फाइल चाळत म्हणाला. "पुढची खोली दुकान म्हणून नोंदली आहे. दुकानाचा दर वेगळा."

"माझं शिवणाचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली. आता घरातच थोडंफार शिवते."

"मग कळवायचं ना. आम्हाला काय स्वप्न पडतं? वापर बदलल्याचा अर्ज द्या, माणूस येऊन बघून जाईल. यजमान नसतील, तर त्याचीही सवलत आहे, मृत्यूचा दाखला जोडा. पण हे बिल मुदतीत भरा. अर्ज दिला म्हणून दंड थांबत नाही. जास्तीचं पुढच्या बिलात वळतं होईल."

"आणि सहा वर्षांचं?"

"ते गेलं. अर्जाच्या तारखेपासूनच धरतात. ही तक्रार ठेवून घेऊ?"

"नको, द्या इकडे."

रस्त्याने तिला मेहुण्याची कीव यायला हवी होती. आली, पण आधी आला तो राग. बहिणीने ही गोष्ट पालिकेच्या कारकुनाला सांगितली आणि मला नाही. शिवाय एक विचार तिला हुसकावता येईना: माझी नजर गेली, तर माझा हात कोण धरणार?

ती थेट धाकटीकडे गेली आणि बिल पुढे केलं.

"उघडलंस?" धाकटीने विचारलं.

"उघडलं. तुझ्याविरुद्ध तक्रार द्यायला गेले होते. तिथे कळलं."

धाकटी खाली बसली.

"मला का नाही सांगितलंस?" थोरलीने विचारलं.

"त्यांनीच नको म्हटलं. सगळे गोड बोलायला लागतील, म्हणाले. 'तुझी बहीण तेवढी माझ्याशी धड भांडते, ते तरी राहू दे.'" तिने बिलाची घडी केली. "पण तक्रार, ताई? माझ्यावर?"

"हो. तुझं सगळंच माझ्या डोळ्यांत खुपतं. लहानपणापासून."

"ठाऊक आहे मला. तू जा आता."

आठवडाभर धाकटीने मिठाची गुळणी धरली. मग एका सकाळी दवाखान्यात जाण्यापूर्वी ती आली आणि टेबलावर पालिकेचा कोरा अर्ज ठेवला. "कारकुनाने सांगितलं मला. तू बिल तरी भरलंस का? उद्या मुदत संपते."

"भरलं."

"मग दाखला काढ. तुझं अक्षर त्यांना लागणार नाही, मी लिहिते."

दोघींनी अर्ज भरला. पंधरा दिवसांनी पालिकेचा माणूस आला, त्याने पुढची खोली मोजली, बाहेर पाटी नाही ना ते पाहिलं आणि थोरलीची सही घेतली. त्याचं बोलणं ऐकून घड्याळजी भिंतीला हात लावत दारात आला.

"मोजणी चाललीय वाटतं? चिंध्यांचा ढीग मोजलात का?" त्याने विचारलं.

थोरलीच्या ओठांवर गोड शब्द आला होता, तो तिने गिळला. मग ती म्हणाली, "तुम्ही आपलं घर सांभाळा. माझ्या चिंध्यांना कर नाही."

तो मोठ्याने हसला. आतून धाकटीने त्याला हाक मारली आणि तो वळला. थोरलीच्या पोटात पुन्हा थोडं दुखलं. ती पाणी प्यायली आणि कामाला बसली.